पोचली ती वितळली, बुडाली ती उरली

संशयी: डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातलं चांदीचं नाणं जमवणारे सांगतात की या नाण्याने अ‍ॅमस्टरडॅमपासून सुरतेपर्यंत आणि तिथून जावा बेटावरच्या बटाव्हियापर्यंतचा व्यापार पाहिला आहे. माझी शंका इथूनच सुरू होते. कंपनी १६०२ मध्ये उभी राहिली आणि १७९९ च्या अखेरीस संपली. या दोन शतकांत तिने हिंदुस्थानात उतरवलेली बरीचशी चांदी इथे वितळवली जाण्यासाठीच आलेली होती. मोगल मुलखात परकं नाणं बाजारात जसंच्या तसं चालत नसे. सुरतेला डचांची वखार १६१६ पासून होती. जहाजातून उतरलेले स्पॅनिश रियाल सराफाकडे किंवा थेट टांकसाळीत जात, तिथे त्यांचा कस पाहिला जाई, चांदी शुद्ध होई आणि तिचे बादशहाच्या नावाचे रुपये पडत. बंगालच्या व्यापारासाठी तर कंपनी नाण्यांऐवजी चांदीच्या लगडीही पाठवी. १७५३ मध्ये मोझांबिकच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘ब्रेडेनहॉफ’ या जहाजावर बंगालला निघालेल्या अशाच लगडी होत्या. थोडक्यात, जी चांदी मुक्कामाला पोचली ती दुसऱ्या रूपात विरून गेली. आज लिलावात जी दिसते तिचा मोठा भाग मुक्कामाला पोचलाच नव्हता. वेंगुर्ल्याला १६३७ पासून डचांची वखार होती आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर तिथून नजर ठेवली जाई. तिचे अवशेष आजही उभे आहेत. पण म्हणून त्या किनाऱ्यावर डच चांदी पावलोपावली सापडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मग संग्राहक जे जमवतो ते व्यापाराचं साधन म्हणायचं, की त्या व्यापारातल्या अपघातांचा उरलेला ढिगारा?

संग्राहक: तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते नाकारणारा संग्राहक आपल्याच वस्तूला ओळखत नाही असं मी म्हणेन. पण सगळीच चांदी मुशीत गेली नाही. जावा बेटावर आणि कंपनीच्या स्वतःच्या ठाण्यांत युरोपातली नाणी नाणी म्हणूनच फिरत. तिथलं सगळ्यांत बोलकं नाणं म्हणजे डुकाटॉन. हे घोडेस्वाराचं मोठं नाणं सुमारे साडेबत्तीस ग्रॅम वजनाचं, आणि हजारात ९४१ भाग शुद्ध चांदीचं. हॉलंडमध्ये त्याची किंमत ६३ स्टायव्हर होती, कंपनीच्या आशियातल्या ठाण्यांत मात्र ते ७८ स्टायव्हरला चाले. एवढा फरक असल्यावर प्रत्येक खलाशी आणि अधिकारी चार नाणी लपवून नेणारच. म्हणून १७२८ पासून कंपनीने आपल्या नावाची तीन अक्षरं कोरलेले खास डुकाटॉन पाडून घेतले आणि चढा दर त्यांनाच राखून ठेवला. नाण्यावर कोरलेली ती चिमुकली मुद्रा म्हणजे चोरट्या व्यापारावर काढलेला फतवा आहे. पुस्तकात हे एका वाक्यात वाचता येतं, पण साधा डुकाटॉन आणि मुद्रेचा डुकाटॉन शेजारी ठेवले की एका महामंडळाची सगळी धास्ती त्या बोटभर जागेत दिसते.

त्याच्याही मागे जा. कंपनी जन्माला येण्याआधी, १६०१ मध्ये, पूर्वेकडे जहाजं धाडणाऱ्या अ‍ॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी डॉर्ड्रेख्टच्या टांकसाळीत स्पॅनिश आठ रियालच्या तोडीचं नाणं पाडून घेतलं, फक्त चिन्हं आपली घातली. चांदी तीच, वजन तेच, तरी पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांनी स्पॅनिश नाण्यालाच पसंती दिली. ज्या स्पेनशी डच लढत होते त्याच स्पेनचे रियाल त्यांना पुढे कित्येक दशकं जहाजांत भरून न्यावे लागले. पुढे १६४५ मध्ये बटाव्हियाने ४८ स्टायव्हरचं स्वतःचं नाणं पाडलं, तर मायदेशीच्या संचालकांनी तो उद्योग लगेच थांबवायला लावला. अठराव्या शतकात जावाचे रुपये पडले, त्यांच्यावर अरबी अक्षरं आहेत, कारण ज्यांच्या हाती ते जायचे होते त्यांना तीच ओळखीची होती. विश्वास कुणावर, अक्षरं कुणाची, नाणं पाडायचा हक्क कुणाला, हे सगळं या नाण्यांवर कोरलेलं आहे. अपघातातून उरलेल्या वस्तूनेही साक्ष देता येते.

संशयी: साक्ष देता येते हे खरं, पण कुठल्या प्रश्नाची? तुम्ही चोरट्या व्यापाराचं उदाहरण दिलंत, तेच घेऊ. मुद्रेचा डुकाटॉन एवढंच सांगतो की कंपनीला चोरटी नाणी नको होती. ती खरोखर किती जात, कोण नेत असे, मुद्रा घातल्यावर तो धंदा थांबला का, यातलं काहीही ते नाणं सांगत नाही. ‘रोस्वाइक’ हे जहाज जानेवारी १७४० मध्ये इंग्लंडजवळच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर फुटलं आणि त्यावरचा एकही माणूस वाचला नाही. २०१७-१८ मध्ये डच आणि इंग्रज पुरातत्त्वज्ञांनी त्याचं पद्धतशीर उत्खनन केलं, तेव्हा कंपनीच्या पेट्यांशी संबंध नसलेली नाणी मिळाली. काहींना भोकं पाडलेली होती, म्हणजे ती कपड्यांत शिवून नेली जात होती. मुद्रेचं नाणं निघाल्याला बारा वर्षं झाली होती, तरी लपवाछपवी चालूच होती. हे कळलं कशामुळे? कोणतं नाणं जहाजाच्या कुठल्या भागात, कशाच्या शेजारी पडलं होतं याची जागच्या जागी टिपणं झाली म्हणून. तेच भोकाचं नाणं एखाद्या हौशी पाणबुड्याने वर काढून विकलं असतं, तर तुमच्या बाजारात ते ‘खराब प्रत’ म्हणून अर्ध्या भावात गेलं असतं. भोक हाच पुरावा, आणि बाजाराच्या लेखी भोक म्हणजे दोष.

दुसरं उदाहरण ‘व्हेरगुल्डे द्राक’चं. १६५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ते फुटलं, त्यावर ७८,६०० गिल्डरची चांदी आठ पेट्यांत होती. सापडलेल्या रियालांत मेक्सिकोच्या टांकसाळीतल्या नाण्यांचाच भरणा आहे. आता हे लक्षात घ्या की पेरूच्या बाजूची पोटोसीची टांकसाळ त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी भेसळीच्या प्रकरणाने बदनाम झाली होती. अ‍ॅमस्टरडॅमच्या खरेदीदारांनी पोटोसीची नाणी मुद्दाम टाळली का, हा फार मोलाचा प्रश्न आहे, कारण एका खंडातल्या भेसळीचा धक्का दुसऱ्या खंडातल्या पेढीवर किती लवकर पोचला हे त्यातून कळेल. पण तो विचारता येण्यासाठी शंभरातली किती नाणी कुठली हे ठाऊक हवं. हजार संग्राहकांकडे एकेक नाणं गेलं, तर प्रत्येकाकडे अस्सल नाणं असेल आणि प्रमाण कुणाकडेच नसेल. समूहाला जे ज्ञान असतं ते त्यातल्या एकाही नगाला नसतं, आणि संग्राहकाचा छंद नगावर चालतो.

संग्राहक: हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो, म्हणून त्याला बगल देणार नाही. तरी विचारतो: तुम्ही ज्या पायावर उभे राहून बोलता तो कुणी घातला? मेक्सिकोचं नाणं कोणतं, पोटोसीचं कोणतं, टांकसाळीच्या पारख्याची खूण कुठे असते, कोणत्या साली मुद्रा बदलली, ही अक्षरओळख नसेल तर उत्खननातला ढीग मुकाच राहतो. ती ओळख मोठ्या अंशी संग्राहकांनी आणि नाण्यांच्या व्यापाऱ्यांनी घडवली. १६०१ ते १९४८ या काळातल्या डच वसाहतींच्या नाण्यांची स्खोल्टेन यांनी केलेली सूची १९५३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका नाणेव्यापारी पेढीनेच छापली, आणि आजही नाण्याला स्खोल्टेनचा क्रमांक दिल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. सरकारी संग्रहालयं कायमची असतात हाही भ्रमच. उट्रेख्टचं नाणेसंग्रहालय २०१३ मध्ये बंद पडलं, आणि हॉलंडसारख्या देशातला राष्ट्रीय नाणेसंग्रह मध्यवर्ती बँकेच्या हवाली करावा लागला.

आणि विक्री झाली म्हणजे ज्ञान गेलंच, असंही नाही. ‘हॉलंडिया’ १७४३ मध्ये इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी बुडालं आणि १९७१ मध्ये सापडलं. ते खासगी मोहिमेने, उघडपणे, हक्क घेऊन वर काढलं. त्यातली नाणी विकली गेली आणि जगभर पसरली. तरीही अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्यातला मोठा संच मिळवला, आणि कंपनीची कागदपत्रं व सापडलेल्या वस्तू ताडून पाहणारा जाडजूड ग्रंथ १९९२ मध्ये निघाला. म्हणजे दोष मालकीत नसून नोंद न ठेवण्यात आहे. नोंद आधी आणि विक्री मागाहून, हा क्रम पाळला तर संग्राहक आणि अभ्यासक एकमेकांचे शत्रू ठरत नाहीत.

संशयी: क्रम पाळला तर. पण विक्रीची ओढच तो क्रम मोडते. ‘व्हेरगुल्डे द्राक’ १९६३ मध्ये सापडलं, आणि चांदीच्या मागे लागलेल्यांनी त्या जागेवर सुरुंगाची दारू वापरली. तीनशे वर्षं समुद्राने जपलेली मांडणी काही दिवसांत उडाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाला घाईने १९६४ मध्ये कायदा करावा लागला. ‘झाउटडॉर्प’चं तर त्याहून वाईट झालं. १७१२ मध्ये फुटलेल्या या जहाजावर आदल्या वर्षी मिडलबर्गला पाडलेली कोरी छोटी नाणी होती, समुद्रतळावर त्यांचा थरच्या थर होता, आणि तो चोरांनी खरवडून नेला. ही नाणी समुद्राच्या प्रेमापोटी कुणी चोरली नाहीत. कुणीतरी विकत घेणार याची खात्री होती म्हणून चोरली. ‘हॉलंडिया’ हा तुमचा आदर्श नमुना आहे, पण त्याच्या विक्रीतून इतरांनी नोंदीचा धडा घेतला की भावाचा? १९८६ मध्ये ‘गेल्डरमाल्सेन’ या डच जहाजावरची चिनी भांडी आणि सोनं अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात गेलं. लिलाव प्रचंड गाजला, आणि जहाजाचा अभ्यास न करताच माल उपसला म्हणून पुरातत्त्वज्ञ हळहळत राहिले.

नोंद नसली की आणखी एक गोष्ट हरवते, आणि ती मला अधिक सलते. तुमच्या नाण्यावरच्या त्या तीन अक्षरांचा आकार देखणा आहे, संग्राहक त्यावर लुब्ध होतात. त्याच अक्षरांच्या निशाणाखाली १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटर्सझोन कून याने बांदा बेटं ताब्यात घेतली. जायफळाच्या मक्तेदारीसाठी तिथली हजारो माणसं मारली, उपाशी मारली किंवा गुलाम करून नेली, आणि त्या बेटांचा मूळ समाज जवळपास पुसून टाकला. हे नाण्यावर कोरलेलं नाही. मखमलीच्या पेटीत ठेवलेलं नाणं फक्त चकाकतं.

संग्राहक: इथे मला उलट वाटतं. बांदाशी चांदीचा संबंध नेमका कसा होता हे समजून घेतलं, तर नाणं चकाकणं थांबतं आणि टोचू लागतं. मसाल्याच्या बेटांवर चांदीपेक्षा हिंदुस्थानी कापडाला मागणी होती. म्हणून कंपनी कोरोमंडलच्या किनाऱ्यावर, पुलिकत आणि पुढे नागपट्टणमला, विणकरांचं कापड घेई आणि ते बेटांवर नेऊन मसाला भरी. कापड विकत घ्यायला मौल्यवान धातू हवा. तो काही युरोपातून येई, काही जपानमधून. जपानने १६६८ मध्ये चांदी बाहेर जाऊ देणं बंद केलं, तेव्हा कंपनीला दुसरीकडे धावपळ करावी लागली. पोटोसीच्या खाणीत सक्तीने राबवलेला मजूर, तमिळ किनाऱ्यावरचा विणकर आणि बांदाचा उद्ध्वस्त झालेला बागाईतदार या तिघांना जोडणारा दुवा चांदीच आहे. हे सांगायला नाणं अपुरं आहे असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, हे ऐकायची इच्छा निर्माण करायला नाण्याइतकं समर्थ दुसरं काही नाही. कंपनीचं जमाखर्चाचं दप्तर शंभर अभ्यासक वाचतील, नाणं दहा हजार लोक हातात घेतील.

आता मागणीबद्दल. मागणी चोरीला खतपाणी घालते हे मी नाकारत नाही. पण मागणीचं वळण बदलतं आहे. पूर्वी ग्राहक फक्त प्रत बघे. आज जहाजाच्या नावाचं प्रमाणपत्र असलेल्या नाण्याला जास्त दाम मिळतो. लोक धातूइतकेच नाण्याच्या वंशावळीचेही पैसे मोजू लागले आहेत. बनावट मालानेही त्यांना शहाणं केलं आहे. १६४५ च्या बटाव्हियाच्या नाण्याच्या नकला पूर्वीपासून निघतात, आणि डुकाटॉनच्या ओतीव नकला मिळतात. कोऱ्या नाण्याचं वजन, घनता, कडेची सांधरेघ तपासून पारख करता येते. समुद्रातून आलेल्या नाण्याची मात्र खाऱ्या पाण्याने चांदी खाल्लेली असते, ते वजनाला हलकं भरतं, तेव्हा तराजूचा नियमच लागू पडत नाही. तिथे उगमाचा विश्वासार्ह कागद हाच आधार. म्हणजे संग्राहकाच्या स्वतःच्या हिताचीच वाट नोंदीकडे जाते.

संशयी: प्रमाणपत्रावर काय लिहिलेलं असतं ते वाचा. जहाजाचं नाव, बुडाल्याचं वर्ष, विक्रेत्याची सही. कुठल्या थरात, कुठल्या पेटीत, कशाला चिकटून, यातलं क्वचितच काही. त्याला वंशावळ म्हणणं म्हणजे आडनावावरून माणसाचं चरित्र सांगणं. उलट तो कागद म्हणजे फुटलेलं जहाज पुन्हा फोडलं गेल्याचीच पावती असते. याउलट ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स यांनी १९७२ मध्ये काय केलं पाहा. नेदरलँड्सने आपल्या जुन्या कंपनीच्या तिथल्या जहाजांवरचा हक्क ऑस्ट्रेलियाला दिला आणि सापडलेल्या वस्तू दोन्ही देशांच्या संग्रहालयांनी वाटून घेतल्या. ही वाटणी सरकारी होती, नोंदलेली होती, सभ्य होती. तरी पुढे दोन्हीकडच्या जाणकारांना पटलं की संच फुटायला नको होता, आणि २०१० च्या सुमारास नेदरलँड्सने आपला वाटा परत पाठवला. दोन संग्रहालयांत झालेली वाटणीसुद्धा ज्यांना खटकली, त्यांच्यासमोर हजार घरांतल्या वाटणीचं समर्थन कसं कराल? ‘युनेस्को’च्या २००१ च्या करारानेही पाण्याखालच्या वारशाचा व्यापार करू नये असंच म्हटलं आहे.

संग्राहक: पुढे वर काढायच्या जहाजांबद्दल मी हार मानतो. संच एकत्र राहावा, विक्री होऊ नये. पण जी नाणी आधीच बाहेर आहेत त्यांचं काय? आपल्याकडचा अनुभव बघा. शेतात हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. किती जण कळवतात? पोलीस येतील, जमिनीची चौकशी होईल या भीतीने नाणी वाटली जातात, किंवा सोनाराच्या मुशीत जातात. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या संस्थेत नाण्यांचा अभ्यास शिकवला जातो, पण तिथल्या सगळ्यांत निष्णात अभ्यासकालाही वितळलेल्या हंड्याचं काही सांगता येणार नाही. कागद नसलेल्या नाण्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरवलंत, तर त्या नाण्याची किंमत चांदीच्या भावावर येईल, आणि समुद्राने वाचवलेली चांदी अखेर मुशीतच जाईल. म्हणून भीती घालवणारी वाट हवी. ऑस्ट्रेलियाने १९९३-९४ मध्ये ती काढली. ज्यांच्याकडे बुडालेल्या जहाजांच्या वस्तू होत्या त्यांनी त्या जाहीर कराव्यात, शिक्षा होणार नाही, नोंद झाल्यावर वस्तू त्यांच्याकडे ठेवता येतील, अशी माफी जाहीर झाली. हजारो वस्तू पुढे आल्या. त्या वस्तू संग्रहालयात गेल्या नाहीत, पण ज्ञानात परतल्या. नगानगाने विखुरलेला संच निदान कागदावर पुन्हा जुळवता आला, आणि तुमच्या मेक्सिको-पोटोसीच्या प्रमाणाला थोडा तरी आधार मिळाला.

संशयी: कागदावर जुळवलेल्या संचात जागेची माहिती परत येत नाही. भोकाचं नाणं कुणाच्या कपड्याजवळ पडलं होतं हे तीस वर्षांनी फॉर्म भरणाऱ्याला कुठून आठवणार? तरी शून्यापेक्षा ते बरं, एवढं मी मान्य करतो. माझी अडचण माफीच्या दुसऱ्या बाजूला आहे. एकदा माफी दिली की पुढच्या चोराला कळतं की पंधरावीस वर्षं गप्प बसलं तर माल कायदेशीर होतो. म्हणून माफीला अखेरची तारीख लागते, आणि मला त्या तारखेबद्दल तुमच्याकडून उत्तर हवं आहे. १९६४ धरायचं, कारण तेव्हा पहिला कायदा झाला? तो पश्चिम ऑस्ट्रेलियाचा, सिलीच्या समुद्राला तो कसा लागू होणार? १९७२ धरलं तर ‘हॉलंडिया’ची बरीचशी रीतसर विक्री त्यानंतरची ठरेल आणि तिचे प्रामाणिक खरेदीदार गुन्हेगारांच्या ओळीत बसतील. २००१ धरलं तर ‘झाउटडॉर्प’ खरवडणारे सगळे सुटतात.

संग्राहक: सगळ्या जहाजांना एकच वर्ष लावता येणार नाही, असं मला वाटतं. प्रत्येक जहाजासाठी ते कधी सापडलं, तेव्हा तिथे कुठला कायदा होता, आणि वर काढताना टिपणं झाली का, हे पाहून वेगळी मर्यादा ठरवावी लागेल.

संशयी: मग एका डुकाटॉनसाठी ग्राहकाला एका जहाजाचा सगळा खटला वाचावा लागेल. तो नाही वाचणार. तो विक्रेत्याला विचारेल, आणि विक्रेता त्याला सोयीचं वर्ष सांगेल.

संग्राहक: ज्याला तेवढं वाचायची तयारी नाही त्याने डुकाटॉन घेऊ नये, एवढं मी आज म्हणू शकतो. पण त्याने घेतला नाही तर तो कुणाकडे जाईल, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुमच्या बंदीपाशीही मला ते सापडत नाही.